न मोजलेले वेढे

तांड्यावरच्या सेवादासची विहिरीवरची मोटर पहिल्यांदा जळून परत आली तेव्हा फरहाने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्या हिवाळ्यात मोटरी जळतच होत्या. पुसदपासून फुलसावंगीपर्यंत कुठेही वीज धड येत नव्हती. आली तर इतकी मिणमिणती, की पंप पाणी ओढण्याऐवजी नुसता कण्हत बसायचा. पण तीच मोटर आठवड्याच्या आत पुन्हा जळून आली. सेवादासने ती फरहाच्या घरच्या दुकानाच्या उंबऱ्यावर आपटली आणि तो तडक जीपकडे निघून गेला. फरहा तेव्हा शाळेतून येतच होती. खांद्यावरची पर्सही न काढता ती दुकानात शिरली.

"तू वेढे मोजले होते का?" तिने विचारलं.

तिचा धाकटा भाऊ तनवीर खाली बसून छिन्नीने जळकी तार कापत होता. त्याने मान वर केली नाही.

"मोजायचे नसते, आपा," तो म्हणाला. "ऐकायचे असते."

फरहाला त्या क्षणी त्याच्या हातातली छिन्नी हिसकावून रस्त्यावर भिरकवावीशी वाटली.

मोटर बांधणं म्हणजे काय हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. लोखंडी कड्याच्या आतल्या खाचांमध्ये तांब्याच्या तारेच्या कॉइल बसवायच्या, आणि प्रत्येक कॉइलला वेढे सारखेच घ्यायचे. एकीला कमी आणि दुसरीला जास्त झाले, की मोटर गुरगुरते, तापते आणि जळते. अब्बांनी, म्हणजे नजीरमियांनी, तीस वर्षं हेच काम केलं होतं. मोतीबिंदूने त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा दुकान तनवीरकडे आलं, आणि त्याचा हात बापापेक्षाही साफ निघाला. गप्पा मारता मारता तो कॉइल गुंडाळायचा आणि एक वेढा चुकत नसे. जिनिंगवाले दुरून त्याच्याकडे मोटरी पाठवायचे. आता निम्म्या जिनिंगा बंद होत्या. कापसाला भाव नाही म्हणून गाड्याच येत नव्हत्या. उरल्या त्या विहिरीवरच्या मोटरी. त्याच त्या, पुन्हा पुन्हा जळलेल्या.

"याच महिन्यात म्या ही बांधली होती," तनवीर एखादी मोटर उघडून चिडायचा. "हे काय काम हाय? एका हातानं बांधा, दुसऱ्या हातानं कापा."

या साऱ्याची सुरुवात ईदनंतर झाली, तो तार आणायला पुण्याला गेला तेव्हा. शेजारच्या सदाशिवकाकांचा क्षितिज तिथे शिकत होता, त्याच्याच खोलीवर मुक्काम. क्षितिजच्या मित्रांनी एका संध्याकाळी त्याला नशेचा नखाएवढा कागद जिभेवर ठेवायला दिला. हे तनवीरने घरी आल्यावर स्वतःहून फरहाला सांगितलं. लाज नाही, भीती नाही. उलट चेहरा असा खुललेला, की जणू हज करून आला.

"गच्चीवर बसलो होतो," तो म्हणाला. "भिंती श्वास घेऊन राह्यल्या होत्या. रंग तर असे, की काय सांगू. मंग खाली पाण्याच्या टाकीची मोटर सुरू झाली आणि मले तिच्या आतलं दिसलं. करंट कुठी अडते, कायले तापते, सारं. कमी विजेवर बी न जळणारी मोटर कशी बांधायची ते मले एका झटक्यात समजलं. म्या रडलो, आपा."

फरहा आठवी-नववीला विज्ञान शिकवायची. नशेत दिसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणारी ती नव्हती. तरीही ती ऐकत राहिली. दुकानात भिंतीला लावून ठेवलेल्या जळक्या मोटरींची रांग तिला समोर दिसत होती. खरंच तसं काही असेल तर?

"मग सांग ना. कशी बांधायची?"



"थे... वेढे सारखे नसले पाहिजे," तनवीर म्हणाला. "झाडाच्या मुळ्या काय सारख्या असते? पाणी ओढतेच ना थे? तार हातात घेतली की समजते. सांगता येत नाही."

सांगता येत नाही, हे तिने चार दिवस ऐकून घेतलं. मग त्याने अशा अंदाजाने बांधलेल्या मोटरी जळून परत येऊ लागल्या.

नुसत्या मोटरी जळत्या तर गोष्ट वेगळी. पण पोराचं कामातलं लक्षच उडालं होतं. गिऱ्हाईक समोर उभं राहून बोलायचं आणि हा त्याच्या ओठांकडे बघत राहायचा. बेअरिंग काढून ठेवलेलं कुठे, ते आठवायचं नाही. तारेचं रीळ मांडीवर घेऊन बसला की चहा गार होऊन जायचा. काय करतोस विचारलं तर म्हणायचा, "आठवून राह्यलो." त्याला जे समजलं होतं ते तो आठवत होता. तेवढं एक सापडलं की बाकीचं आपोआप जागेवर बसेल, याची त्याला पक्की खात्री होती. फरहा वर्गात पोरांना सांगायची, की करून बघा आणि मग माना. इथे तिचा भाऊ करून बघत होता, मोटर डोळ्यांदेखत जळत होती, आणि तो म्हणत होता, "अजून नीट आठवलं नाही म्हणून जळली."

तिने क्षितिजला फोन केला.

"फरहाताई, त्याचा अंमल दुसऱ्या दिवशी उतरतो," क्षितिज चाचरत म्हणाला. "आणि समजल्यासारखं सगळ्यांनाच वाटतं. मला पण वाटलं होतं. काहीतरी फार मोठं."

"काय?"

"आता नाही आठवत."

"आणि तू त्याले हे आधी नाही सांगितलं? मोटरीत हात घालणाऱ्या माणसाले?"

क्षितिज सॉरी म्हणाला, दोनदा म्हणाला. फरहाने फोन ठेवला. त्या सॉरीचं काय करायचं ते तिला कळेना.

मग ती तनवीरला यवतमाळला एका मानसोपचार तज्ज्ञाकडे घेऊन गेली. बाहेरच्या बाकड्यांवर बसायला जागा नव्हती. फवारणीचं औषध पिऊन वाचलेली माणसं आणि त्यांना धरून आणलेल्या बायका तिथे दाटीने बसल्या होत्या. डॉक्टरांचे डोळे झोप न झाल्यासारखे लाल. तनवीरचं सगळं ऐकून ते म्हणाले, "त्या कागदाने डोक्यातली चाळणी काही तास सैल होते. एरवी मन सोडून देतं ती प्रत्येक गोष्ट मोठी वाटायला लागते. त्या वेळी लक्ष एका जागी टिकत नाही, आणि जे घडतं तेही नीट साठवलं जात नाही. म्हणून नंतर आनंद आठवतो, पण कशाचा ते आठवत नाही."

"पण समजलं होतं," तनवीर म्हणाला.

"समजल्यासारखं वाटणं आणि समजणं, हे वेगळं असतं. तेव्हा ते वेगळं कळत नाही, एवढंच. पुन्हा घेऊ नका. झोप नीट घ्या. महिन्याभराने या."

झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्याला बोलावलं. परतीच्या एस. टी.त तनवीर खिडकीकडे तोंड करून बसला. दारव्हा गेल्यावर म्हणाला, "डॉक्टरले मोटर समजते का?"

 डॉक्टरांचं म्हणणं फरहाला पटलं होतं, पण ज्याला पटायला हवं तो खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाटीची वावरं बघत बसला होता.

सेवादासची मोटर दुसऱ्यांदा जळली ती यानंतर. आणि त्याच संध्याकाळी तनवीरने मोबाइलचं मागचं झाकण काढून चांदीच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी तिच्यासमोर ठेवलं. पुण्याहून त्याने तसाच दुसरा कागदही आणला होता.

"हा घेतो," तो म्हणाला. "तू जवळ बस. म्या जे बोलीन थे टेप करून घे. येकदा पकडलं की झालं."

"नालीत टाक ते."

"मंग दुकानात घेतो, एकटा."

दुकानात उघड्या तारा होत्या, चाचणीचा बोर्ड होता. फरहा त्याच्याकडे बघत राहिली.  ओरडून झालं होतं, समजावून झालं होतं, डॉक्टरलाही दाखवून झालं होतं. अब्बांना सांगावं तर ते म्हणायचे, "हात अच्छा हाय त्याचा, येईल ठिकाणावर," आणि तसबीहचे मणी ओढत बसायचे.

"घरात," ती शेवटी म्हणाली. "माझ्यासमोर. आणि टेपवर जे येईल थे तुले मानावं लागन."

"मानीन."

रविवारी अब्बा कळंबला त्यांच्या बहिणीकडे गेले. फरहाने दुकानाला कुलूप लावलं, किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली आणि अब्बांचा कव्वाल्या ऐकायचा टेपरेकॉर्डर चटईवर आणून ठेवला. कागद घेण्याआधी तिने त्याला पाच शब्द सांगितले: बैल, चमचा, खिडकी, मीठ, दिवा. त्याने हसत म्हणून दाखवले, उलटेही म्हणून दाखवले. लाकडी फर्म्यावर एक कॉइल गुंडाळायला सांगितली. क्रिकेटवर बोलता बोलता त्याने ती पुरी केली. तिने मोजली तर वेढे बरोबर भरले.

"पाह्य," तो म्हणाला, "हात गेला नाही माह्या."

"तेच तर म्हणून राह्यली मी," ती म्हणाली. पण तोवर त्याने कागद जिभेवर ठेवला होता.

तास गेला, सवा तास गेला. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या. भिंतीच्या पोपडे आलेल्या चुन्याकडे तो असा बघू लागला की जणू तिथे जत्रा भरली आहे. फरहाने ते पाच शब्द विचारले.

"बैल," तो म्हणाला आणि थांबला. "बैल. आपा, केवढा मोठा शब्द हाय हा."

"पुढचा?"

"पुढचा कोणता? बैलातच सारं आलं."

तिने फर्मा हातात दिला. चार-सहा वेढे झाले आणि हात थांबला. तांब्यावर उन्हाची तिरीप पडली होती, तिच्यात तो हरवला.

"किती झाले?"

"कायचे?"

मोजतोय हेच तो विसरला होता. तिने पुन्हा सुरू करायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती ओरडली, "अरे मोज ना!" तिचा आवाज ऐकून तो लहान पोरासारखा रडू लागला. फर्मा बाजूला सारून तिने त्याला पाणी पाजलं, डोक्यावरून हात फिरवला. हात फिरवतानाही तिचा राग गेला नव्हता. आपण हे का करतो आहोत, कोणासाठी, असं तिच्या मनात घोळत राहिलं. बाहेर शेजारीण कपडे वाळत घालत होती, तिला हे दिसू नये म्हणून फरहाने खिडकी लोटून घेतली.

दुपार कलता कलता तनवीर ताठ उठून बसला. "आलं," तो म्हणाला. "आपा, टेप सुरू हाय ना? आलं."

त्याचा चेहरा उजळला होता. तिने टेपरेकॉर्डर त्याच्या तोंडाजवळ सरकवला. तो बोलू लागला. हळू, एकेक शब्द जपून, थरथरत्या आवाजात. तिला त्याचा काही अर्थ लागत नव्हता, पण त्या आवाजातल्या खात्रीने तीही क्षणभर ओढली गेली. न जाणो. कॅसेटची बाजू संपून बटण खटकन वर आलं, तेव्हा तिने ती घाईघाईने उलटवली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघं समोरासमोर बसले. तनवीरचा अंमल उतरला होता, चेहरा सुकलेला होता. तिने बटण दाबलं.

आधी बराच वेळ खरखर. एक टेम्पो गेला. मग त्याचा आवाज आला.

"खाली. खाली म्हणजे वर बी तेच. तांबं जाणते. तांब्याले इचारा. सारा एकच वेढा हाय. एकच. हे पकडून ठेव आपा. एकच." मग लांब शांतता. तिचा आवाज, "पुढं?" मग त्याचा, "पुढं काय? हेच. हेच हाय थे." मग हसणं, मग खोकला, मग पाणी मागणं. दुसऱ्या बाजूला बहुतेक तो भिंतीविषयी बोलत होता.

"पुन्हा लाव," तनवीर म्हणाला.

तिने पुन्हा लावलं. त्याने कान स्पीकरला टेकवला. पुन्हा लावायला लावलं. शेवटी मागे सरकून तो म्हणाला, "तू मधातच 'पुढं' म्हणलं. म्हणून तुटलं."



"मी तोडलं?" ती म्हणाली. "माह्यामुळं? तनवीर, तुले वाटते मले तुले खोटं पाडायचं होतं? मले हे तुह्यापेक्षा जास्त पाहिजे होतं. शाळेत पोरं येते, अनवाणी येते, येक दिवस यायचंच बंद होते. वावरात पाणी नाही म्हणून कापूस वेचायला गेले म्हणे बापासंग दुसऱ्याच्या वावरात. मी त्यायले विजेचा धडा शिकवते. कोणती वीज शिकवू? तू म्हणला समजलं, तर मले वाटलं, असन बाप्पा. नशेत का होईना, कोणाले तरी काहीतरी समजलं असन. आणि त्यात काय निघालं? खाली म्हणजे वर!"

तिने कॅसेट काढली आणि ओट्यावर ठेवली. फोडली नाही. फोडून काय होणार होतं?

 तनवीर उठून दुकानात गेला. दोन दिवस त्याने कशाला हात लावला नाही. मोटरी तशाच पडून होत्या.

बुधवारी सेवादास आला. फुलसावंगीच्या पलीकडच्या तांड्यावरचा माणूस, पागोट्याखाली घामाने चिकटलेले केस. झाली का मोटर, एवढंच त्याने विचारलं. तनवीर उभा राहिला.

"झाली नाही. आणि काका, दोन्ही येळा थे करंटानं नाही जळली. म्या जाळली. वेढे अंदाजानं घेतले. मले वाटलं होतं, का मले काही येगळं समजलं हाय."

सेवादास त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. फरहा आतल्या दारात उभी होती. आता हा हात उगारतो की काय, असं तिला वाटलं.

"तुले काय समजलं आन काय नाही समजलं, थे घेऊन मी काय करू?" सेवादास म्हणाला. "बोंडं गळून राह्यली. मले पाणी पाह्यजे. बांध आता, माह्यासमोर. मी इथीच बसतो."

आणि तो खरोखरच बाकड्यावर बसला.

तनवीरने फर्मा घेतला. फरहा खाली येऊन त्याच्याजवळ टेकली. मोजता मोजता मध्येच त्याचा हात थबके, नजर तारेवर रेंगाळे. मग तो स्वतःलाच शिवी घालून अख्खी कॉइल सोडी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. असं कितीतरी वेळा झालं. फरहाला त्याच्या हातातून ते ओढून घ्यावंसं वाटे, पण ती हात आवरून धरी. सेवादास मध्येच डुलकी घेई आणि जागा होऊन विचारी, "झालं का?" दुसऱ्या दिवशी दुपारी मोटर वार्निश होऊन, सुकून, चाचणीच्या बोर्डावर चढली. आवाज एकसारखा, स्वच्छ आला. अब्बा आतून म्हणाले, "ये हुई ना बात."

तनवीरच्या चेहऱ्यावर मात्र काही उमटलं नाही. त्याने स्टार्टरजवळ बसवायला प्रिव्हेंटरचा एक डबा दिला. वीज कमी झाली की तो मोटर आपोआप बंद करतो, बाजारात कुठेही मिळतो. आधी त्याला ही साधी वस्तू फडतूस वाटायची.

पंधरवड्यात सेवादास पुन्हा दुकानात हजर. या वेळी त्याच्याजवळ मोटर नव्हती.

"जळली?" तनवीरने धास्तावून विचारलं.

"नाही जळली. पण चालत बी नाही. बटण दाबलं का तुह्या डबा तिले बंद करते. रोज असंच." तो बाकड्यावर बसला. "म्हणजे मोटर वाचली, पऱ्हाटी वाळली."

 फरहाच्या हातात वर्गाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, तो तिने टेबलावर ठेवला. इतके दिवस तिने सगळा राग तनवीरवर काढला होता. तो राग चुकीचाही नव्हता. पण आता तनवीर सगळं बरोबर करत होता, मोटर बरोबर होती, डबाही बरोबर होता, आणि विहिरीतलं पाणी विहिरीतच होतं. हा राग कुणाच्या दारात नेऊन टाकायचा?

"आपा," तनवीर हळूच म्हणाला, "तवा मले खरंच समजल्यासारखं वाटलं होतं वो."

"माहीत हाय मले."

"तसं आता कायचंच वाटत नाही."

 तिने सेवादासला चहा आणून दिला. तनवीरने फळीवरून व्होल्टमीटर काढला, त्याच्या तारा तपासल्या.

"काका, वीज किती वाजता जरा बरी असते, कोणी पाह्यलं का कधी?"

"कोण पाह्यते? आली का दाबतो बटण."

"चला मंग. दोन-तीन दिवस तुमच्या तांड्यावर राह्यतो. पाहू मीटर लावून. कवा बी थोडी वाढत असन, तर तवाच मोटर चालवू."

"आन वाढतच नसन तर?"

"तर नसन," तनवीर म्हणाला.

त्याने चादर आणि मीटर पिशवीत भरलं. फरहाने त्याला झोपेच्या गोळ्यांची पट्टी दिली, ती त्याने खिशात घातली. जीप भरायला वेळ लागला. ड्रायव्हर आणखी दोन माणसं मिळायची वाट बघत हॉर्न वाजवत राहिला. शेवटी ती हलली तेव्हा फरहा आत आली, उत्तरपत्रिका घेऊन बसली. पहिल्याच पोराने विजेच्या प्रश्नाखाली जागा कोरी सोडली होती. तिने लाल पेन उघडलं, बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघितलं, आणि काही न लिहिता पान उलटलं.